सुकाणूची खुंटी

दारव्हा,
२ नोव्हेंबर २०२४

चि. कहकशांस नानाचा सलाम आणि पुष्कळ दुआ. वि. वि.

पत्राला पंधरा दिवस उशीर झाला, राग मानू नको. हातातलं काम पुरं झाल्याशिवाय मी कागद घेत नाही. तुझ्या बोटीचं सुकाणू आज पार्सलनं पाठवलं. बिजागरीची भोकं घासून लांबट झाली होती, म्हणून ते खडखडत होतं. त्या भोकांत पितळी बुश बसवले. दांडा हातभर वाढवला, आता बोटीच्या काठावर रेललीस तरी हातात राहील. पात्याला खाली धरणारी बोटाएवढी लाकडी खुंटी होती. एवढ्या मोठ्या कामाला अशी काडी काहून लावतात, कोण जाणे. ती काढून पोलादी बोल्ट कसला. नानी म्हणते, चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले, पण असा जीव एकालाही लावला नाही. तिला काय, बोटीत तिला थोडंच बसायचं आहे.

पाण्यात जाताना जॅकेट घालतेस ना?

तुझा नाना,
मुख्तार


भोपाळ, नौका शिबिर
९ नोव्हेंबर

प्रिय नाना, तुम्हाला आणि नानीला सलाम.

पार्सल उघडलं तेव्हा सुकाणूला ट्रॅक्टरचा वास येतो म्हणून मुली हसल्या. पाण्यात गेल्यावर त्याच दांडा धरून बघायला मागू लागल्या. आता बोट दोन बोटांनी वळते. २४ तारखेला, रविवारी, लांबची शर्यत आहे, तलावाच्या पलीकडच्या काठाला लागून. तिथे पाण्याखाली खडक आहेत. मागच्या वर्षी एका बोटीचं पातं खडकाला लागून वर उचललं गेलं, म्हणून बोट वाचली, असं सर सांगत होते. तुमच्या हातचं सुकाणू असताना मला भीती नाही. जॅकेट घालते, नाना. आंघोळीलाही घालू का?

आमचे फोन अजून सरांकडे जमाच आहेत, म्हणून पत्रच लिहा.

तुमची लाडकी,
कहकशां


दारव्हा,
१८ नोव्हेंबर

चि. कहकशांस अनेक दुआ.

गुरुवारी तांड्यावरचा हरिसिंग ट्रॅक्टरमागं माती फोडायला लावतात तो रोटाव्हेटर घेऊन आला, गिअरबॉक्स फुटलेला. नरम बोल्ट सारखा तुटतो म्हणून त्यानं पक्का ठोकला होता. मी चिडलो. म्हटलं की बावा, तो बोल्ट तुटासाठीच असते, दगड लागला की तो जाते अन् मशीन वाचते, एवढंही तुले समजत नाही काय. बोलता बोलता जीभ थांबली. तुझं पत्र आठवलं. ती लाकडी खुंटीही मोडण्यासाठीच होती. माझा बोल्ट पातं उचलूच देणार नाही, खडकाचा सगळा मार बोटीला बसेल आणि तू फेकली जाशील. हरिसिंगनं विचारलं की मुख्तारभाऊ, शिव्या सरल्या काय.

त्याच दिवशी लिहायला हवं होतं. चार दिवस लाजेनं लिहिलं नाही. तू मुलींसमोर मिरवलंस, तिथे माझी चूक कशी कळवू, हेच घोळत राहिलं. आज सकाळी शिबिराच्या कार्यालयात फोन लावला. कोणीतरी निरोप देतो म्हणाला, पण माझं नावही विचारलं नाही.

सोबत सलईच्या लाकडाच्या सहा खुंट्या आहेत. बोल्ट काढून टाक. खुंटी बसवून पातं जोरानं वर ओढून पाहा. मोडली तर काम बरोबर, मग दुसरी बसव. सरांना सांग की हे नानानं केलं, लपवू नको. हे पाकीट मिळालं नाही तर बोटीत बसू नको, असंही लिहिलं होतं. नानीनं वाचून कपाळावर हात मारला आणि खोडायला लावलं.

लोभ होता तसाच राहू दे. दुकान उघडतो, पण कोणाच्या मशीनला हात लावावासा वाटत नाही. खुंटी बसवली, एवढे दोन शब्द लवकर पाठव.

तुझा नाना,
मुख्तार