बाईंनी पास केलेले दोन स्पीकर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम, सहा वर्षांपूर्वी बंद केलेला, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाखाली नसताना आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर, हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी तीसपर्यंत आलो आणि मध्येच त्यांना सांगितले की तुमच्या औषधांच्या कपाटाचे दार खालच्या बिजागरीत पाव इंच लोंबते आहे. त्यांनी लगेच सही केली.

मजकूर वकीलबाईंनी तपासला आहे. त्यांच्या मते मृत्युपत्रात कोणाला काय, एवढेच असावे. माझ्या मते का, तेही असावे. नाहीतर मागे राहिलेली माणसे आपापली कारणे तयार करत बसतात. वकीलबाईंनी खोडलेली वाक्ये मी पुन्हा लिहून काढली आहेत. तिसऱ्या वेळी त्यांनी खोडणे सोडून दिले.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची शेड, हे माझ्या पश्चात संपूर्णपणे माझ्या पत्नीच्या मालकीचे होईल. तिने शाळेत चौतीस वर्षे भाषा शिकवली, त्यामुळे सगळे तिला बाई म्हणतात, आणि या कागदात मीही तेच म्हणतो. समोर मात्र ‘अगं’ एवढेच. बाईंना ‘आता एकट्या कशाला राहता’ असे कोणीही विचारू नये. त्यांच्यानंतर घर मुलगी आणि मुलगा यांना निम्मे निम्मे.

कलम २. बँकेत जे असेल ते बाईंचे. याबद्दल सांगण्यासारखी एकही गोष्ट नाही, म्हणून हे कलम लहान.

कलम ३. माझी सर्व हत्यारे, म्हणजे रंधे, पटाशा, करवती, गुण्या आणि शिकंजे, मुलीला द्यावीत. ती हिशेबनीस असली तरी तिचा हात माझा आहे. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. त्याने माझ्या सर्वांत चांगल्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता. तेव्हा त्याला एकवीस वर्षे पूर्ण झाली होती, त्यामुळे अजाणतेपणाची सबब चालणार नाही. त्याला माझी स्कूटर द्यावी. ती कशानेही उघडली तरी फारसे बिघडत नाही.

कलम ४. माळ्यावर ठेवलेले सहा स्पीकर, त्यांतला एक स्टुलाएवढा, त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि सर्व वायरी, हे बाईंच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मेव्हण्याला, परत करावेत. त्याचे विजेच्या वस्तूंचे दुकान आहे. मी काम बंद केले त्या महिन्यात तो हा संच घेऊन आला आणि म्हणाला, “भावजी, आयुष्यभर खुटखुट ऐकलीत. आता दणका ऐका!”

दणका ऐकला. पडद्यावर दार लागले की आमच्या कपाटातल्या कपबशा हलत. घोडा पळाला की वरच्या मजल्यावरचे जिन्यापर्यंत येऊन जात. पण दोन माणसे बोलू लागली की त्यांचे बोलणे गोधडीखालून आल्यासारखे वाटे. मी आवाज वाढवत असे, मग दार लागे आणि मी धावत कमी करत असे. हे मी मेव्हण्याला सांगितले, तर तो म्हणाला, “भावजी, तुम्हाला सवय नाही.” या वाक्याचा राग मी मनात ठेवला आहे. तो या कलमाबरोबर संपला असे समजावे. मात्र स्पीकर परत घ्यावेच लागतील.

कलम ५. पुढच्या खोलीतले दोन काळे स्पीकर. यांच्याबद्दल लिहिण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. वकीलबाई म्हणतात ती इथे बसत नाही. पण मी ठोकून बसवतो.

दर शनिवारी संध्याकाळी बाई आणि मी घरी एक चित्रपट पाहायचो. मुले मोठी होऊन गेली तरी ते सुटले नव्हते. सुमारे साडेतीन वर्षांपूर्वी एका शनिवारी पडद्यावर एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला होता. मुलीचा हात धरून तो म्हणाला, “मला आता जाऊ दे.” माझ्या डोळ्यांत पाणी होते. आणि शेजारी बाई खो खो हसल्या.

मी चिडलो. म्हणालो, “लक्ष नसेल तर बसू नकोस. दुसऱ्याचा तरी विचका करू नकोस.”

त्या उठल्या. पुढच्या शनिवारी म्हणाल्या, “तुम्ही बघा, मला वाचायचंय.” त्याच्या पुढच्या शनिवारी कपडे इस्त्री करायचे होते. असे एक वर्ष आणि चार महिने गेले. मी एकटाच त्या सहा स्पीकरांमध्ये बसत होतो आणि मनात म्हणत होतो, इतक्या वर्षांनी हिला माझा कंटाळा आला. विचारले मात्र नाही. लाकडाला चीर पडली तर ती किती खोल आहे ते मी लगेच पाहतो. घरात पाहिले नाही.

मग एकदा किल्ली शोधताना बाईंच्या पर्समध्ये कानाच्या डॉक्टरांचा कागद सापडला. दोन्ही कानांत वरच्या पट्टीचे आवाज बरेच कमी झाले आहेत, असे त्यावर लिहिले होते. तारीख त्या शनिवारच्या पाच दिवस आधीची होती.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. “अगं, सांगितलं का नाहीस?”

बाईंनी गॅस बंद केला. म्हणाल्या, “शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकू यायची मला. आता शेजारचं ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि तो म्हातारा ‘मला आता खाऊ दे’ म्हणाला असं वाटलं हो. मरायला टेकलेला माणूस खायला मागतोय, हसू नको तर काय करू?”

मी तिथेच माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तोंडी नको, लेखी द्या.” त्यांनी ते चेष्टेत म्हटले होते. तरी ही घ्या: मी चुकलो. आधी विचारायला हवे होते.

त्यानंतर बाईंनी कानाचे यंत्र घेतले. बोलणे बरेच सुधारले. पण चित्रपट लावला की त्या यंत्र काढून ठेवत, भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखे वाटते म्हणत. कानाच्या डॉक्टरांनी समजावले की स, त, फ अशी अक्षरे बारीक आवाजाची असतात, खालचा घुमारा त्यांना गिळून टाकतो. म्हणजे आम्हाला मोठा आवाज नको होता, स्वच्छ आवाज हवा होता.

मुलीने शोध घेतला आणि मला वाद्यांच्या दुकानात नेले. तिथे मला कळले की गाण्याच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग तपासायला एक वेगळ्या जातीचे स्पीकर असतात. त्यांना मॉनिटर म्हणतात. ते पॉवर्ड असतात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येकाच्या पोटातच. बाहेर वेगळा डबा लागत नाही. मूळ आवाज असेल तसा ऐकवायचा, वरून मीठमसाला घालायचा नाही, हे त्यांचे काम.

विक्रेता म्हणाला, “काका, हे घरात वापरायचे नाहीत. हे फार खरं बोलतात.”

मी म्हणालो, “आमच्या घरात त्याचीच टंचाई आहे.”

मी दोन खेपा घातल्या. प्रत्येक खोक्यावर बोटाने टकटक करून पाहिले, कारण पोकळ वाजणारे खोके आवाजात स्वतःचा आवाज मिसळते. सांधे पाहिले, कोपरे पाहिले. एक मोठी जोडी माझ्या मनात भरली. खऱ्या अक्रोडाच्या लाकडाचे पातळ पापुद्रे, रेषा समोरून वरपर्यंत अखंड नेलेल्या. व्हायोलिन लावले तर अंगावर काटा आला. मी विक्रेत्याला म्हणालो, “हीच बांधा.”

तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, हे कोणासाठी घेताय?”

मी विक्रेत्याला थांबायला सांगितले. तिसऱ्या खेपेला बाईंना घेऊन गेलो.

बाईंनी दुकानात इकडेतिकडे पाहिले, एक साधी खुर्ची मागितली, पर्समधून वही आणि पेन्सिल काढली आणि विक्रेत्याला म्हणाल्या, “श्रुतलेखन घ्या.”

“म्हणजे?”

“चित्रपट लावा. मी पडद्याकडे पाठ करून बसते. ऐकू येईल ते लिहिते. पंचवीस शब्द झाले की थांबवा.”

तीन जोड्या होत्या. प्रत्येकीला एकाच चित्रपटातला वेगळा प्रसंग दिला, तिन्हींत दोन बहिणी हलक्या आवाजात भांडत होत्या. पडद्यावर खाली अक्षरे येत होती, ती मुलीने उतरून घेतली. मग आईची वही तिने तपासली, लाल पेनाने. दुकानातली गिऱ्हाइके गिटारी खाली ठेवून जवळ आली होती.

पहिल्या जोडीला पंचवीसपैकी सतरा. माझ्या अक्रोडाला अकरा.

“पुन्हा घ्या,” मी म्हणालो. “ती घाबरली असेल.”

“कोण, मी की तुमचं लाकूड?” बाईंनी विचारले. पुन्हा घेतले. दहा आले.

तिसरी जोडी सर्वांत लहान होती, वीतभर रुंद आणि काळी. भुसा दाबून केलेल्या फळीवर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. मी असले खोके गिऱ्हाइकाला दिले असते तर लाजेने दुकान बंद केले असते. तिला तेवीस मिळाले. चुकलेल्या दोन शब्दांपैकी एकाबद्दल बाईंचे म्हणणे होते की ती नटीच चुकीचे बोलली. विक्रेत्याने परत लावून ऐकले आणि मान्य केले.

मग मी एक गाणे लावायला सांगितले, कारण गाण्याच्या बाबतीत तरी ही जोडी नापास होईल अशी मला आशा होती. एक गायिका आणि एक व्हायोलिन. खालचा भरदारपणा अक्रोडाइतका नव्हता, पण गायिका श्वास घेते ते ऐकू आले. बाई खुर्चीतच वळल्या आणि मला म्हणाल्या, “अहो, ती श्वास घेते!” गाणे संपेपर्यंत त्यांनी वही मिटली नव्हती आणि काही लिहिलेही नव्हते.

आम्ही काळी जोडी घेतली. अक्रोडावरून मी जाताना एकदा हात फिरवला, एवढे नमूद करतो.

घरी मुलाने ते वायरीशिवाय टीव्हीला जोडले. आधी ओठ हलायचे आणि शब्द मागून यायचे. बाई म्हणाल्या, “हा आधी बोलतो आणि मग विचार करतो, अगदी तुमच्यासारखा.” मी वायर आणायला लावली, तेव्हा ओठ आणि शब्द एकत्र आले. उरलेल्या सागाचे दोन स्टँड मी केले, पोटात वाळू भरली. स्पीकरचा वरचा लहान भाग बाईंच्या कानाच्या उंचीला आणला. दोन स्पीकर आणि बाईंची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण दोरी धरून आखला. भिंत जवळ असली की घुमारा वाढतो, म्हणून स्पीकरच्या पाठीमागच्या बटणाने खालचा आवाज एक पायरी उतरवला.

त्या शनिवारी काय लावू विचारले, तर बाईंनी तोच चित्रपट मागितला. मी नको म्हणत होतो. म्हातारा अंथरुणावर आला. मुलीचा हात धरला. “मला आता जाऊ दे,” तो म्हणाला, अगदी स्वच्छ. बाईंनी डोळ्याला पदर लावला. आणि मला एकदम ‘खाऊ दे’ आठवले आणि हसू फुटले.

बाई म्हणाल्या, “लक्ष नसेल तर बसू नका.”

तो म्हातारा गेला तेव्हा आम्ही दोघे पोट धरून हसत होतो. शेवट काय झाला ते पाहायला चित्रपट पुन्हा लावावा लागला.

आपला संच माळ्यावर गेला म्हणून मेव्हणा आठ महिने रागावून आला नाही. मग आला, आणि बाईंनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवून एक गाणे लावले. संपल्यावर त्याने विचारले, “ताई, हे नवीन आहे का?” त्याच गाण्याच्या कॅसेटी त्याने दुकानात तीस वर्षे विकल्या होत्या. त्याने मान खाली घातली, पुन्हा लावायला सांगितले, आणि त्यानंतर महिन्यातून दोनदा येतो.

तरी, हे दोन मॉनिटर, स्टँड आणि वायरींसह, फक्त बाईंचे. त्यांच्या हयातीत कोणी जागेवरून हलवू नयेत. बाईंनंतर, दोन्ही मुलांपैकी जो कोणी हातात फोन न घेता एक अख्खा चित्रपट बघून दाखवेल, त्याचे. कोणीच बघू शकला नाही तर मेव्हण्याचे.

कलम ६. माझ्यामागे कोणी या खोलीत आवाज बंद करून बसू नये. पहिल्याच शनिवारी काहीतरी लावावे. विनोदी असल्यास उत्तम.

कलम ७. कानाचे डॉक्टर म्हणतात की बाईंचे कान पुढे आणखी बदलतील. तसे झाले, आणि या जोडीवर शब्द चुकू लागले, तर ती ताबडतोब काढून टाकावी. मी आणली, मी बसवली, माझ्या हातचे स्टँड आहेत, म्हणून जपून ठेवू नये. बाईंनी वही घ्यावी, मुलीने सोबत जावे, आणि दुकानात जी जोडी जास्त गुण मिळवेल ती घरी आणावी, मग ती दिसायला कशीही असो. त्या वेळी खोक्यावर टकटक करायला मी नसेन. ती कोणी करायची गरजही नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि सही केली. बाई लाभार्थी असल्यामुळे साक्षीदार होऊ शकत नाहीत. त्या आपल्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या आणि त्यांनी व्याकरणाच्या चार चुका काढल्या. त्या दुरुस्त केल्या आहेत.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२४, गुरुवार, सकाळी साडेदहा

(सही) मृत्युपत्र करणार, सुतार

साक्षीदार १: (सही) कानाचे डॉक्टर
मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. त्यांचे स्वतःचे कान उत्तम आहेत.

साक्षीदार २: (सही) वाद्यांच्या दुकानातला विक्रेता
माझ्यासमोर सही केली. दुकानात आता एक साधी खुर्ची, वही आणि पेन्सिल कायम ठेवलेली असते.