केरकच्या बाईचा मुलगा

साउथहॅम्प्टन, १४ ऑगस्ट १९९०

चि. राजीव यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ‘चिठ्ठी मिळाला’ लिहितोस! पीएच.डी. होईपर्यंत चिठ्ठीला स्त्रीलिंग मिळेल ना?

कुवेतमध्ये इराकी सैन्य शिरल्याला बारा दिवस झाले आणि तुझ्या यमुनामावशीचा काही पत्ता नाही. ती काम करते त्या हॉस्पिटलचा नंबर फिरवते, तर नुसता एक लांब सूर येतो. बाबा ड्यूटीवरून आले की आधी बातम्या लावतात. मी स्वयंपाकघरात कान झाकून उभी राहते. अशात तू रिसर्चसाठी जॉर्डनला निघालास. सीमेपलीकडे इराकच आहे, राजा! तुझा केरकचा किल्ला आठशे वर्षं उभा आहे, आणखी एक वर्ष उभा राहील. तिकीट कॅन्सल कर.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आई

नॉटिंगहॅम, १८ ऑगस्ट १९९०

ती. आईस,
सा. न.

तिकीट अजून तसंच आहे. रागावू नकोस. त्या किल्ल्यात एवढं काय आहे, असं मागे विचारलं होतंस ना?

मृत समुद्राच्या पूर्वेला क्रुसेडर, म्हणजे धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपी सरदारांची एक जहागीर होती. केरक हे तिचं मुख्य ठाणं. दमास्कसहून इजिप्तला जाणारे काफिले त्याच वाटेनं जात. तिथल्या सरदारानं तह मोडून एक काफिला लुटला. ११८७ मध्ये सुलतान सलादीननं लढाई जिंकली, सरदाराचं मुंडकं उडवलं. सरदाराच्या बायकोला, स्टेफनीला, आधीच्या नवऱ्यापासून एक मुलगा होता, तोही कैद झाला. किल्ले देते, मुलगा द्या, असं तिनं सुलतानाशी ठरवून घेतलं. मुलगा घरी आला. पण किल्ल्यांतली शिबंदी दरवाजे उघडेना. मग दिलेल्या शब्दासाठी तिनं मुलाला स्वतःच परत कैदेत धाडलं. काल ते पान मी दोनदा वाचलं.

कुवेतहून पळालेले हजारो भारतीय जॉर्डनच्या सीमेवर तंबूंत आहेत, असं टीव्हीवर दाखवतात. मावशी त्यांत असेल तर? भीती मलाही वाटते. पण तू नको म्हणालीस तर जाणार नाही.

तुझा,
राजीव

साउथहॅम्प्टन, २८ ऑगस्ट १९९०

चि. राजीव यास,
आशीर्वाद.

तीनदा फोन उचलून खाली ठेवला, म्हणून लिहिते. फर्स्ट क्लासच्या टपालानं उद्या मिळेल.

यमुनेबरोबर काम करणारे कोणी शशिकांत मुंबईला सुखरूप पोचले. त्यांचा फोन आला होता. यमुना सीमेवरच्या तंबूत तापानं फणफणली आहे. पासपोर्ट कुवेतमध्येच राहिला, म्हणून तिला विमानात घेत नाहीत. ताईला कळवा, कोणाला तरी पाठव म्हणावं, असा तिचा निरोप आहे.

राजीव, तो फोन येऊन सहा दिवस झाले. मी बाबांनाही बोलले नाही. तुला कळलं तर तू जाशील, ह्या धास्तीनं गप्प बसले. पाठची बहीण तिकडे उन्हात, आणि मी इथे रोजच्यासारखी बसनं बाजारहाट करत होते. तुझ्या त्या स्टेफनीला कसं जमलं, कोण जाणे. तिच्या मुलाचं पुढे काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस.

जा. पण परत ये.

आई

अम्मान, ६ सप्टेंबर १९९०

ती. आईस,
सा. न.

मावशी सापडली. तिसऱ्या तळावर मी तिच्यासमोरून पुढे निघून गेलो होतो, ओळखलंच नाही. तिनंच हाक मारली. आता इथल्या हॉस्पिटलात आहे. ताप उतरला, पण मूत्रपिंडांना इजा झाली आहे. आठवडाभर आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे तुला लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. वकिलातीनं कागद दिले. शनिवारी तिला घेऊन मुंबईला निघतो.

स्टेफनीच्या मुलाला सुलतानानं पुढे सोडून दिलं. केरक मात्र वर्षभराच्या वेढ्यात उपाशी मरू लागलं, तेव्हा पडलं. मी तिकडे गेलो नाही.

काल मावशीनं विचारलं, की ताईला निरोप कधी मिळाला. मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी, असं मी सांगितलं. ती माझा हात धरून रडली. म्हणाली, की ताईनं एक दिवससुद्धा घालवला नाही.

त्या सहा दिवसांचं तिला काय सांगायचं, ते तू ठरव. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
राजीव