दोन कमलबाई

४ ऑक्टोबर १९९६, जळगाव
एकूण मतदार — शून्य! अमळनेर तालुक्यातल्या एका दूध संस्थेची निवडणूक आहे, तिची यादी मी कॉम्प्युटरवर ॲक्सेसमध्ये करतेय. सकाळपासून शून्यच. शेवटी सापडलं. व्हेरिएबलचं नाव ‘एकूण’, इंग्रजी अक्षरांत; एका ओळीत एका स्पेलिंगने, दुसरीत दुसऱ्या. कॉम्प्युटर हूं का चूं करत नाही. नवं नाव दिसलं की रिकामं व्हेरिएबल देऊन मोकळा. मॉड्यूलच्या (प्रोग्रॅमच्या) डोक्यावर ऑप्शन एक्स्प्लिसिट लिहिलं. आता न सांगितलेलं नाव आलं की अडून बसतो. बरं झालं.
छगनशेठ (आमचे मालक) म्हणाले, "लताबाई, स्पेलिंग तुमचंच. भांडण कोणाशी?"

५ ऑक्टोबर
दुबार नावं. यादी दोघांनी टाइप केलेली — एकाने सगळी कॅपिटलमध्ये, दुसऱ्याने साधी. मॉड्यूलमध्ये ऑप्शन कम्पेअर बायनरी होतं, म्हणजे कॅपिटल वेगळं, साधं वेगळं; म्हणून एकच माणूस दोनदा. ते बदलून ऑप्शन कम्पेअर डेटाबेस केलं. कॅपिटल-साधं आता सारखंच. दुबार सगळे गेले!
चेअरमन धनसिंग आबांना फोनवर कळवलं. "भारी काम करं, पोरी!"

९ ऑक्टोबर
कच्ची यादी परवा गावात लागली. आज एक बाई एसटीने इथे ऑफिसात. साठीच्या, चपला दाराबाहेर काढून आत आल्या.
"मनं नाव काबरं काढी टाकं? मी मरी गयी का?"
कमलबाई हिलाल पाटील. मी यादी दाखवली — नाव आहे की! पुढचं वयही वाचलं.
"ती थोरली. मी धाकली."
हिलालभाऊंच्या दोन बायका, दोघी कमल. भाऊ वारले. दोघींची म्हैस वेगळी, सभासदत्व वेगळं. यादीत एकीचं नाव कॅपिटलमध्ये, दुसरीचं साधं. मी एक सेटिंग बदललं आणि एक बाई गेली. मी आधी म्हणाले, चूक कॉम्प्युटरची. मग म्हणाले, माझी.
"त्याले सांग, आम्ही दोन्ही शेतस."
शेतस, म्हणजे आहोत. चहा घेतला नाही त्यांनी.

१० ऑक्टोबर
आबा स्वतः आले. म्हणाले, राहू दे, यादी लागली आता. "कॉम्प्युटरनेच सांगितलं ना, एकच आहे?"
"कॉम्प्युटरला मी सांगितलं होतं, आबा."
छगनशेठ पंख्याकडे बघत बसले. आबा गेल्यावर बोलले — धाकली प्रत्येक सभेत उठते. माझ्या दुधाला फॅट कमी कशी लागते आणि आबांच्या दुधाला जास्त कशी, विचारते. आणि आबांच्या शब्दावर आपल्याला अजून चार संस्थांचं काम मिळायचंय.
रात्री मी जेवले नाही.

११ ऑक्टोबर
परत बायनरी केलं तर कमलबाई येतील, पण सगळे दुबारही येतील. म्हणून सेटिंग तेच ठेवलं. नावाबरोबर जन्मसाल आणि सभासद झाल्याची तारीखही जुळवायला लावली. अख्ख्या यादीत एकच नाव परत आलं. धाकलीचं!
छगनशेठना न विचारता प्रिंट थेट निवडणूक अधिकाऱ्यांकडे पाठवली. मग सांगितलं.
"चार संस्था गेल्या," ते म्हणाले. नंतर दोन चहा मागवले.

१८ ऑक्टोबर
पक्की यादी लागली. दोघी एकीखाली एक.

२३ ऑक्टोबर
धाकलीने महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला! समोर आबांची सून. आज छाननीत धाकलीचा अर्ज बाद. कारण — उमेदवाराला स्वतःचा सूचक होता येत नाही. सूचक कोण? कमलबाई हिलाल पाटील — थोरली.
त्या खोलीत कॉम्प्युटर नव्हता.

२४ ऑक्टोबर
पहिल्या गाडीने अमळनेर, यादी घेऊन. दोघी माझ्या आधीच निवडणूक अधिकारी साहेबांच्या टेबलासमोर उभ्या. मी यादी उघडून समजावू लागले — जन्मसाल, तारीख. साहेब मान वर करेनात. तेव्हा थोरली पहिल्यांदाच बोलली.
"साहेब, वर देखा. मोजा."
साहेबांनी मान वर केली. अर्ज मंजूर!

२८ ऑक्टोबर
आबांच्या सुनेने अर्ज मागे घेतला. धाकली बिनविरोध. पेढे द्यायला थोरली आली, एकटीच. सहज म्हटलं, दोघींचं छान जमतं हो. हसली. हिलालभाऊ गेल्यापासून दोघी बोलत नव्हत्या म्हणे. एकच घर, मध्ये भिंत. डेअरीवर यादी वाचून दाखवली त्या दिवशी धाकलीचं नाव आलं नाही, म्हणून थोरलीने भिंतीवरून हाक मारली. पहिली.