तू प्यायलेला आवळ्याचा रस

माय, माझ्या किडन्या कमी काम करायला लागल्या आहेत. तुझ्यासारख्याच, साखरेमुळे. पण तुझं कळलं तेव्हा पाय सुजून चप्पल चढेनाशी झाली होती. माझं वर्षाच्या तपासणीत कळलं, बरंच आधी. साखर आणि बीपी हातात ठेवलं तर याच किडन्यांवर म्हातारी होता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी होणार आहे म्हातारी. घाबरून लिहीत नाहीये. लिहितेय ते त्या आवळ्यांसाठी.

तेव्हा मी उकव्याच्या शाळेत शिकवायचे आणि शनिवारच्या बसने बालाघाटला घरी यायचे. येताना बाजारातून पिशवीभर जंगली आवळे. आवळ्यात क जीवनसत्त्व असतं, ते शरीर आतून साफ करतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि पोरांना फळ्यावर लिहूनही दिलं होतं. तू ते खलबत्त्यात ठेचतेस, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून पिळतेस. डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं म्हणून भाजी उकळून तिचं पाणी मोरीत ओततेस, मीठ तर बंदच. एवढं सगळं पाळून वर ग्लासभर रस. जंगलातली वस्तू औषधात कुठे मोजायची, असं आपल्या दोघींचंही मत. "कसा लागते?" मी विचारते. "फिनाइलवाणी," तू तोंड वाकडं करून म्हणतेस, "आण पुढच्या शनवारी अजून."

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, पोटॅशियम वाढलेलं. काय काय खाता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर आवळा निघाला. "किसने बताया था आपको?" ते चिडले. मी फाइल घेऊन तुझ्या बाजूलाच उभी होते. तोंड उघडायच्या आधी तूच म्हणालीस, "मैंच पीती थी साब. इसको कुछ मालूम नहीं." ते तुला बरंच बोलले. तू मान खाली घालून हौ हौ करत राहिलीस, आणि मी फाइलची पानं उलटत राहिले.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "माय, काहून खोटं बोलली?"

"तुले बोलला असता, तं तू मले पुन्हा काही आणून देल्लं नसतं," तू म्हणालीस आणि वारासिवनीच्या मावशीकडच्या लग्नाचा विषय काढलास. त्यानंतर तू दीड वर्ष होतीस. आवळ्याने तू गेली नाहीस, दुखणं आधीच पुढे गेलं होतं, हे आता मला नीट माहीत आहे.

आता माझी मुलगी. घरात सगळं हिंदीतच बोलते, तुझी वऱ्हाडी तिला अर्धीच कळली असती. रिपोर्ट कळल्यावर तिने ऑनलाइन एक बाटली मागवली: क, ई, अ, सगळी जीवनसत्त्वं एकाच गोळीत. "मम्मी, एंटीऑक्सीडेंट है. किडनी के लिए ही है, लिखा है देखो." तिच्या पहिल्या पगारातली बाटली.

मी ती डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, क जास्त झालं तर त्याचं ऑक्झलेट होऊन किडनीतच साठतं, अ शरीराबाहेर पडत नाही, साचत जातं, आणि ईने किडनी सुधारते असं खात्रीने सांगता येत नाही. कमी काही असेल तर ते तपासून मी देईन. तुम्ही चाला, वजन उतरवा, साखर बघा.

घरी येऊन मी मुलीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. बाटली परत दिली. तुझ्यासारखं लेकीने आणलं म्हणून गिळत राहायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. तिचा चेहरा उतरला. "मैंने पूछा ही नहीं किसी से," ती म्हणाली. मग: "तो अब क्या लाऊँ?" चालायचे बूट आण, मी म्हणाले. तिने आणले, एक नंबर मोठे. मोजे घालून रोज चालते. साखर उतरतेय, माय.

फक्त एक. डॉक्टरीणबाईंकडे जाण्याआधी अकरा दिवस मी त्या गोळ्या घेत होते, रोज सकाळी, तिच्यासमोर. त्यांना ते सांगितलं. मुलीला मात्र म्हणाले, मी गोळी नुसतीच तोंडात धरायचे, मग थुंकून टाकायचे.