पंधरा नंबरचा हलका पाना

अप्पा, मला तुमच्यावर राग काढायचा आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो दुसऱ्या कुणावर काढावा असा माणूस मला सापडत नाही.

दसऱ्याच्या आधी लेक पुण्याहून आली. ती ज्या कारखान्यात आहे तिथं टायटॅनियमच्या भुकटीपासून हत्यारं करतात. भुकटीचा पातळ थर पसरायचा, लेझरनं हवा तेवढाच भाग वितळवायचा, त्यावर पुन्हा थर. असा थरावर थर चढत पाना तयार होतो. शर्यतीच्या सायकलींबरोबर फिरणारे मिस्त्री तो पाठपिशवीत नेतात, म्हणून वजन कमी हवं. नमुन्याचा एक तिला साहेबांनी दिला, तिनं तो माझ्या हातात ठेवला. पंधरा नंबरचा, पायडल काढायचा, आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ. मला वाटलं प्लास्टिकचाच आहे. आपल्या सायकलीच्या दुकानात एक गंजलेलं पायडल अडून बसलं होतं, त्याला लावला. निघालं. आणि लहानपणी मी तुमचा लोखंडी पाना उचलला तेव्हाचा तुमचा आवाज मला ऐकू आला. “ठेव खाली. लई जड हाय त्यो. मनगट मोडून घेशील, मग कोन करील तुला?”

जड! त्याच वर्षी मी विहिरीवरून डोक्यावर एक हंडा आणि कमरेवर एक कळशी आणत होते. तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसून रोज बघायचात. ते जड नव्हतं? खंडेनवमीला सगळी हत्यारं रॉकेलनं धुवायची मी, पुसून पोत्यावर लहानमोठी ओळीनं मांडायची मी, झेंडूची फुलं मी आणायची. दसरा सरला की त्यांना माझा हात लागलेला चालायचा नाही. ऊसतोडीला जाणारी माणसं आपल्या सायकली तुमच्याकडे ठेवून जायची. हिवाळाभर तुम्ही त्या उघडायचात आणि मी दाराआडून बघत शिकायचे. मग माझं लग्न झालं आणि जे मला इतकी वर्षं दाखवलं नाहीत ते जावयाला एका उन्हाळ्यात शिकवलंत. दुकानही त्याला दिलंत.

तो माणूस चांगला होता, त्याच्यावर राग नाही. अडला की आत येऊन हळूच विचारायचा, “अगं, डाव्या पायडलचे आटे उलटे असत्यात ना?” मी सांगायचे. बाहेर जाताना म्हणायचा, “खरा मिस्त्री आत भाकरी थापतोय, गिऱ्हाइकाला सांगू का?” आणि आम्ही दोघं हसायचो. तो गेल्यापासून दुकान मीच चालवते, पण असं विचारायला आत कुणी येत नाही. वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचत गल्ल्यामागे बसते. पुस्तकात या टायटॅनियम धातूबद्दलही वाचलं. तो माणसाच्या हाडात बसवतात.

यंदा खंडेनवमीला तुमची बहीण आली. मी कुंकवाची कुयरी उचलली तशी आत्या म्हणाली, “तू नगं लावू गं. लेकीला लावू दे.”

लेक म्हणाली, “आजी, पान्याला काय नवरा लागतो?”

“लई शिकलीस तू. रीत हाय ती.”

“मग वर्षभर त्या पान्यानं काम कोण करतं? रीत का?”

आत्या तोंड फिरवून बसली. मी हळदकुंकू लावलं. आधी तुमच्या लोखंडी पान्याला, मग नव्याला. वजनाचं कारण आता संपलं आहे, अप्पा, हा पाना पोरही उचलेल. मग मला अडवायला तुमच्याकडे दुसरं काय होतं, ते एकदा तरी तोंडानं सांगायचं होतंत. मी भांडले तरी असते.

लेक परत गेली. काल परगावचा एक माणूस पायडल बदलायला सायकल घेऊन आला. “मिस्त्री कुटं गेलं, ताई?” नवा पाना माझ्या हातात होता. मी म्हटलं, “गावाला गेलेत. ठेवून जा, संध्याकाळी या.” तो वळल्यावर मीच पायडल बदललं. संध्याकाळी त्यानं सायकल फिरवून बघितली. म्हणाला, “मिस्त्रीचा हात झ्याक हाय बगा.”

मी म्हटलं, “सांगते त्यांना.”

हे मी लेकीला सांगितलेलं नाही.