निव्वळ नागली

भुज, कच्छ
१२ जानेवारी २००३, रविवार

भागी मावशी,

लखनचा नमस्कार घे. मी बरा आहे. भाकरीची गाडी बरी आहे का? आधी गाडीचं विचारलं म्हणून रागावू नकोस. तू बरी असशील तरच ती उभी असणार, एवढं मला कळतं.

पल्लवी, वाचणारी तूच असशील. दहावीचा अभ्यास बाजूला ठेवून आईला पत्र वाचून दाखवतेस, देव तुला पास करो. पण एक ऐक. हे पत्र घरी वाच, दार लावून. गाडीवर नको. तिथं ओझरच्या कारखान्याची अख्खी जेवणाची सुट्टी कान टवकारून उभी असते.

मावशी, इथं कामाला असलेल्या सुनीलच्या हाती दिलेलं नागलीचं पीठ पोचलं. ट्रकमध्ये दोन रात्री तो ते उशाला घेऊन झोपला, त्यामुळे केस पिठानं पांढरे होऊन अजून म्हाताऱ्यासारखा दिसतो. पिशवीला तुझ्या जुन्या लुगड्याच्या काठाची गाठ होती. शेवटी दात लावले तेव्हा सुटली.

इथं भूकंपात पडलेली घरं अजून बांधतायत. मी पाण्याचा टँकर चालवतो. अकरा महिने झाले, एकच नोकरी! सुरगाण्याच्या जीपवर मी चार महिने टिकलो, मालेगावात मागावर दोन, द्राक्षाच्या पॅकिंगला तर आठवडाच. तू म्हणायचीस, "लखन्या, तुझ्या बुडाला चाकं हायत का रं?" आणि अशा माणसाच्या हातात तू मॅटाडोर दिलीस. तीही मागच्या दारात मातीची चूल लिंपलेली. "स्पीडब्रेकरवर चूल तडकली तर तुझं डोकं तडकंल." पंचवटीतून ओझरपर्यंत सायकलवाले मला मागं टाकून जायचे. टँकर भरलेला असला की अजूनही मागं चूल आहे असंच वाटतं. इथले लोक म्हणतात, ड्रायव्हर लय सांभाळून आहे. कुणी शिकवलं ते त्यांना काय माहीत.

परवा पोरांना नागली म्हणजे नाचणी हे समजावून तुझ्या गाडीचं सांगत होतो. बिहारचा एक गडी हसला, भाकरी-चटणीला कसली आलीय रांग? त्याला कसं सांगू? हायवेला ढाबे काय कमी होते, पाववड्याच्या गाड्या काय कमी होत्या? तरी मुंबईच्या मोटारी वळून यायच्या त्या तुझ्याकडे. खुरासणीची चटणी तू कधी घरून वाटून आणली नाहीस. गिऱ्हाईक समोर आलं की पाटा ओढायचीस, आणि तो वास रस्त्याच्या पलीकडे जाऊन माणसं घेऊन यायचा. पळसाच्या पानावर भाकरी पडली की पानाचा पण वास सुटायचा. मोटारीत बसून हॉर्न मारणाऱ्याला सांगायचीस, "वाजव अजून, तुझा नंबर मागं गेला." तो हसत खाली उतरायचा! कारखान्याचे साळुंके साहेब एवढे इंजिनिअर, पण स्वतःचं पाणी स्वतः घ्यायचे, वर मागच्या मजुरालाही तांब्या भरून द्यायचे. असं दुसऱ्या कुठल्या गाडीवर बघितलं नाही मी.

आणि वर बोर्ड. "निव्वळ नागली". लाल ऑइलपेंटनं मीच लिहिला होता. चौथी पास माणसाचं अक्षर, पण येता-जाता मान वर करून बघायचो.

बोर्डाचं राहू दे. पिठाचं सांगतो.

आज सुट्टी. सकाळी तीन विटा मांडून चूल केली. पाणी उकळलं, पीठ टाकलं, झाकलं. मग मळायला घेतलं. तू सांगायचीस, "हात भाजतो म्हणून थांबलास की भाकरी गेली." गाडीवर मी दरवेळी थांबायचो, उकड निवायची आणि भाकरी फाटायची. आज थांबलो नाही. तरी पहिल्या पाच फाटल्या. सहावी फुगली. पोरांनी टाळ्या पिटल्या, बिहारी गडी अख्खी संपवून बोटं चाटत बसला. मी उठलो आणि परात घेतली.

मावशी, त्या पिठात गव्हाचा एक कण नव्हता. मी परातीत पसरून उन्हात बघितलं. आणि तू सोबत एका शब्दाची चिठ्ठी पण पाठवली नव्हतीस.

पल्लवीला माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. गेल्या वर्षी तू भाचीच्या लग्नाला तीन दिवस सुरगाण्याला गेलीस. गाडी माझ्यावर. माझ्या हातून भाकऱ्या फाटत होत्या, रांग ओरडत होती, "मावशीला बोलवा!" मी दुकानातून गव्हाचं पीठ आणलं आणि डब्यात मिसळलं. भाकरी मऊ आली, गोल आली. लोक म्हणाले, "लखन, मावशीच्या वर गेलास तू!" ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी पण मिसळलं. तिसऱ्या दिवशी पण.

कोंडाजी बाबा, कारखान्याचे जुने वॉचमन, त्यांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी गहू बंद केलेला, म्हणून ते रोज तुझ्याकडे जेवायचे. पहिल्याच दिवशी खाल्लं आणि दोन दिवस आले नाहीत. तू परत आलीस त्या दुपारी आले. भरल्या रांगेत म्हणाले, "भागीबाई, मला गहू चारला. तुझ्यावर भरवसा होता गं माझा. बोर्ड बदल."

तू डब्यातलं पीठ चिमटीत धरून चोळलंस. माझ्याकडे बघितलंस. मी उगीच चूल फुंकत बसलो.

"माझी चूक हाय, बाबा," तू म्हणालीस. "जाताना मीच मिसळून गेले."

मग उलथणं घेतलंस आणि बोर्डावरचा "निव्वळ" खरवडून काढलास. रंगाचे लाल पापुद्रे माझ्या पायावर पडत होते.

मला तू एक शब्द बोलली नाहीस. माझं नाव निघालं असतं तर अख्ख्या हायवेला कुणी मला गाडीवर उभं केलं नसतं, हे तुला ठाऊक होतं. तू चार शिव्या हासडल्या असत्या तर मी राहिलो असतो. आठ दिवसांनी मी सांगितलं, सुनीलनं भुजला कामाला बोलावलंय. त्यानं बोलावलं नव्हतं. मीच त्याच्या पाया पडलो होतो.

काल त्याच्याकडून कळलं, कोंडाजी बाबा अजून गाडीवर येत नाहीत. बोर्डावर नुसतं "नागली" आहे. गिऱ्हाइकं विचारतात, तू हसतेस आणि पाटा ओढतेस.

मावशी, आईनं जन्म दिला, पण भरल्या रांगेत माझ्यासाठी मान खाली घातलीस ती तू. त्या मानेवर मी अकरा महिने ताठ मानेनं टँकर चालवतोय. वर तू पीठ पाठवतेस. आता बास.

पल्लवी, वर लिहिलंय ते खोड. हे पत्र घरी वाचू नकोस. गाडीवर वाच, दुपारी, रांग भरली की. मोठ्यानं. आधी कोंडाजी बाबांच्या घरी जा, त्यांना हात धरून आण आणि पुढं बसव. मावशी मध्येच कागद ओढेल. देऊ नकोस.

बाबा, तुमच्या पायावर डोकं ठेवतो.

बोर्डाला मात्र कुणी हात लावू नका. होळीला मी येतोय. लाल रंगाचा डबा घेऊन ठेवलाय. पण बाबांनी माझ्या हातची भाकरी खाऊन "लिही" म्हटलं, तरच ब्रश उचलीन. नाही म्हटलं तर चूल सांभाळत गाडी चालवीन, ते म्हणतील तोवर.

पीठ मी मिसळलं होतं. मावशीनं नाही.

लखन सोमा गावित