बाबांच्या मानेचा एमआरआय

४ मार्च
बाबांच्या हातून आज पुन्हा स्क्रू पडला. घड्याळजीच्या हातून! "वय झालं गं," म्हणाले. चालताना झोक जातो म्हणून गेल्या आठवड्यात कमरेचा एमआरआय केला. कमरेत विशेष काही नाही.

७ मार्च
बाबा हल्ली टी-शर्टच घालतात. आई म्हणते, "म्हातारपणी हौस!" हौस कसली — शर्टाची बटणं लागत नाहीत त्यांना. कंबर बिघडली तर पाय जातील, हात का जावेत? दोन्हींच्या तारा एकत्र असतात त्या मानेत. बारा वर्षं एमआरआयच्या मशीनवर बसते, आणि हे सुचायला टी-शर्ट लागला! डॉक्टरांना फोन केला. "मान करून घ्या. लगेच."

११ मार्च
मशीनवर बसायला धीर होईना. सहकारी मैत्रिणीला बसवलं, मी मागे उभी.
"काका, अंगावर काही धातू?" बाबांच्या खिशातून चिमटा, दोन स्प्रिंगा, एक किल्ली.
"दुकानच उचलून आणलंत की! आवाज फार होतो हं आत."
"अगं, चाळीस वर्षं शंभर घड्याळांत बसलोय मी."
पडद्यावर मान आली. दोन मणक्यांमधली चकती मागे सरकलेली, मज्जारज्जू तिथे चेपलेला. आणि त्याच्या आत पांढरा डाग. म्हणजे रज्जूलाच इजा. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं नाही.
"झाली का फोटोगिरी?" — बाबा.
"झाली."
निकाल डॉक्टरांनी सांगायचा, आम्ही नाही. आज त्या नियमाचे उपकार.

१३ मार्च
सर्जन म्हणाले, "ऑपरेशनने दाब जाईल, पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही."
"म्हणजे हात असेच राहतील?"
"कदाचित."
बाबांनी बोटं एकदा उघडून मिटली. मग म्हणाले, "मोठी घड्याळं तर जमतील. करा."
आई जिन्यात रडली. मी नाही.

१४ मार्च
ऑपरेशन सोमवारी. दुखणं किती जुनं ते बघायला सर्जनना आधीचे स्कॅन हवेत.

१५ मार्च
एकच सापडला. तीन वर्षांपूर्वी चक्कर आली होती, तेव्हाचा — डोक्याचा. मेंदू स्वच्छ. पण अशा चित्रात खालच्या कडेला थोडी मान येतेच. तिथे रज्जू चेपायला लागलेला. पांढरा डाग नाही. तेव्हा नव्हता! डोकं सांगितलं होतं, सगळ्यांनी डोकंच पाहिलं. कोपऱ्यात स्कॅन करणारीचं नाव असतं. माझं आहे.